अकरा सह्यांचा अंतरपाट

माझा मामा आयुष्यात एकही खरं वाक्य बोलला नाही, असं आमच्या गिरगावच्या चाळीत म्हणत. हे साफ खोटं आहे. "मला भूक लागली" हे वाक्य तो दिवसातून अनेकदा बोलायचा आणि ते दर वेळी खरं असायचं. बाकीच्या वाक्यांची हमी मी देत नाही. माझं लग्न जमलं ते त्यातल्याच एका वाक्यामुळे, आणि मोडता मोडता राहिलं तेही त्याच वाक्यामुळे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मुंबई कुणाची, हा प्रश्न दिल्लीत अडकला होता आणि त्याचं उत्तर आमच्याकडे दर नाक्यावर रोज संध्याकाळी दिलं जात होतं. त्याच साली लालबागच्या एका गिरणीच्या फुटबॉल संघाने मोठा कप जिंकला. कप घेऊन मिरवणूक लालबागच्या नाक्यावर आली तेव्हा इतका गुलाल उडाला, की पुढचे आठ दिवस त्या गिरणीतून पांढरं कापड गुलाबी होऊन बाहेर पडत होतं. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण मामाने पाहिलं होतं.

तर मामा मला घेऊन लालबागला मुलगी पाहायला गेला. मुलीचे वडील त्याच गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर, म्हणजे मुकादम. शंभर साचे एकदम खडखडत असताना त्यातला कुठला आजारी आहे, हे हा माणूस डोळे मिटून सांगे. तरुणपणी फुटबॉल खेळलेला, आणि आता न खेळताही पायाने खुर्ची पुढे सरकवणारा. मूळ मालवणकडचा, आवाज साच्यांच्या वरचा.  मी एका कचेरीत कारकून, आणि आयुष्यात लाथ मारली ती फक्त जिन्यातल्या मांजराला, तीही चुकली होती.

मुलगी पोहे घेऊन आली. नेहमीच्या पद्धतीने आम्हीच तिला विचारायचं होतं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. आमच्या बाजूचा कुणी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "कपाच्या फायनलला गेला होतात?"

मी म्हणालो, "कुठल्या?"

खोलीत अशी शांतता पसरली की शेजारच्या खोलीतलं वरण उकळताना ऐकू आलं. मुलीने ताट अर्ध्यावरून मागे घेतलं. माझे पोहे माझ्या डोळ्यांदेखत परत स्वयंपाकघराकडे निघाले. आणि नेमकी त्याच क्षणी ती मला इतकी आवडली, की आता लग्न केलं तर हिच्याशीच, नाहीतर जन्मभर पोहे वर्ज्य, असं मी मनात ठरवून टाकलं.

तेव्हा मामा खाकरला.

"चेष्टा करतो हो हा," मामा म्हणाला. "फायनलला गेला होतात का म्हणे! अहो, त्या संघातल्या अकराच्या अकरा जणांचा ह्याच्याशी घरोबा आहे. परवाच सेंटर फॉरवर्ड आमच्याकडे जेवून गेला. ताईच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय तो मैदानात उतरत नाही."

ताई म्हणजे माझी आई. तिने त्या सेंटर फॉरवर्डचं नावही ऐकलेलं नव्हतं.

पोहे परत आले. जॉबरसाहेबांनी मात्र मिशी चावत मामाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "असां? मग अकरा जणांच्यो सयो घेवन ये रे झिला. घरोबो आसा म्हणतंस ना?"

"आणेल की! वहीभर आणेल!" मामा म्हणाला. सह्या मला आणायच्या होत्या, त्यामुळे त्याचा उत्साह दांडगा होता.

"वही नको माका. कागद फाटता." जॉबरसाहेब उठले, आतून पांढऱ्याशुभ्र लाँगक्लॉथचा एक तुकडा घेऊन आले आणि माझ्या मांडीवर टाकला. "ह्यां माझ्या खात्यातलां कापड. धुवू नको. खळ आसा तवसर शाई पसरुची नाय. हेच्यार अकरा सयो व्हयत. गोलकिपराची धरून. तुळशीचां लगीन झाला काय परळच्या स्थळाक होकार कळवूचो आसा. तेच्या आधी घेवन ये."

गोलकीपरचं नाव निघताच मुलीने ओठ दाबून हसू आवरलं. का, ते मला लालबागच्या नाक्यावरच्या पानवाल्याने सांगितलं. त्या गोलकीपरची सही आजवर कुणालाही मिळालेली नव्हती.

*

दहा सह्यांची कहाणी मी थोडक्यात सांगतो, कारण पूर्ण सांगितली तर तुम्ही मला मामाच्या पंगतीला बसवाल.

राइट आउट हा माणूस चालायचाच नाही. कामावरून घरी धावत, घरातून मैदानावर धावत. मी त्याच्याबरोबर चिंचपोकळीपासून परळपर्यंत कापड धरून धावलो. त्याने धावता धावताच सही केली, म्हणून ती सुरू होते कापडाच्या एका टोकाला आणि संपते दुसऱ्या टोकाला. दोन फुलबॅक सख्खे भाऊ होते. एकाने सही केली की दुसरा म्हणे, "त्याची माझ्यापेक्षा मोठी आली." मग त्याने मोठी केली. मग पहिल्याने आपलीच पुन्हा गिरवली. त्यांच्या आईने चिमटा हातात घेऊन मध्ये येऊन हा सामना अनिर्णित सोडवला. कप्तानाने सहीला इतकी वळणं दिली की घाटात बस लागते तसं मला बघताना मळमळलं.

आणि सेंटर फॉरवर्ड, ज्याचा आमच्याशी घरोबा होता, तो खानावळीत मटणाच्या ताटावर बसलेला सापडला. "साहेब, एक सही," मी म्हणालो. त्याने डाव्या हाताने कापड ओढलं, उजव्या हाताचं नळीचं हाड खाली ठेवलं आणि हात न पुसता सही केली. रश्श्याचा एक लालभडक ठसा सहीशेजारी कायमचा बसला.

"कुणासाठी नेतोस रे?" त्याने विचारलं.

"लग्नासाठी."

"मग जेवायला बोलाव."

"तुम्ही आमच्याकडे जेवून गेलात, असं आधीच जाहीर झालंय," मी म्हणालो. तो काहीच न समजून पुन्हा हाडाकडे वळला.

अशा दहा झाल्या. तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि राहिला होता गोलकीपर.

फायनलला शेवटच्या मिनिटाला त्याने पेनल्टी अडवली होती. लालबागेत सांगत, की तो चेंडू इतक्या जोरात आला की गोलच्या दांडीवर बसलेले कावळे त्याच्या वाऱ्याने उडाले आणि बोरीबंदरावर जाऊन बसले. आणि ह्या पठ्ठ्याने तो चेंडू असा घेतला, जसं सुइणीच्या हातून बाळ घ्यावं.

तो वरळीच्या बीडीडी चाळीत राही. सकाळीच गेलो. दार उघडं होतं. गोलकीपर पाटावर मांडी घालून बसला होता, उजवा हात स्वच्छ टॉवेलात गुंडाळून उशीवर ठेवलेला, आणि त्याची बायको त्याला भाताचे घास भरवत होती.

"हात मोडला की काय?" मी घाबरून विचारलं.

"मोडेल कसा? मोसम चालू आहे," बायको म्हणाली. "मोसमात ह्यांचा उजवा हात फक्त चेंडूचा. भाकरी मोडत नाहीत, दार लावत नाहीत, पोराच्या पाठीत धपाटासुद्धा घालत नाहीत. पोर मोसमभर मोकाट सुटलंय."

मी कापड पसरलं. "एक सही पाहिजे होती."

"सही? मोसमात?" गोलकीपरने माझ्याकडे असं बघितलं, जसा मी त्याचा दात मागतोय. "मालकाच्या मुलाला नाही दिली. मोटार पाठवली होती न्यायला. मोटार रिकामी गेली परत."

"मग डाव्या हाताने?"

"डाव्या हाताची सही बघून लोक म्हणतील, ह्याला लिहिता येत नाही. मार्गशीर्ष संपला की या. उजव्या हाताने झकास करून देतो. नावाखाली चेंडूपण काढीन."

"मार्गशीर्षात ती परळला गेलेली असेल हो!" मी जवळजवळ ओरडलो आणि पोह्यांपासूनची सगळी हकिकत सांगितली. बायकोने डोळ्यांना पदर लावला. गोलकीपरलाही वाईट वाटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. डावा.

"नेम तो नेम," तो म्हणाला. "आज सही केली आणि उद्या चेंडू निसटला, तर लालबाग तुला सोडेल का?"

ते मला पटलं, हीच पंचाईत. मी उठलो.

*

दुपारी लालबागच्या नाक्यावर पोचलो. चळवळीची सभा नुकतीच संपली होती. माणसं पांगत होती, झेंडे गुंडाळले जात होते आणि व्यासपीठाजवळचं टेबल रिकामं होतं. कापडाची नीट घडी घालावी म्हणून मी ते टेबलावर पसरलं आणि त्या दहा सह्यांकडे बघत उभा राहिलो. शेजारी माझं पेन आणि शाईची दौत उघडीच ठेवली होती. ह्या एका क्षणाच्या आळसाने पुढचा सगळा घोटाळा केला.

एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन चालली होती. ती थांबली. "संयुक्त महाराष्ट्राच्या सह्या काय रं?"

"नाही हो मावशी, हे..."

तिचा अंगठा शाईत बुडून कापडावर उमटलासुद्धा. "गुजरातला द्यायची नाय मुंबई," असं मला बजावून ती गेली. तिच्या मागे एक हमाल उभा होता. त्याच्या मागे दोघे शाळामास्तर. त्यांच्या मागे कोण कोण उभं राहिलं ते मला दिसेना, कारण रांग बेकरीला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेली होती. त्या दिवसांत गिरणगावात टेबल, कापड आणि पेन एकत्र दिसलं की माणूस दुसरं काही समजायचाच नाही.

दंडाला पट्टी बांधलेला एक स्वयंसेवक धावत आला. मला वाटलं, वाचलो. त्याने मला बाजूला सारलं आणि ओरडला, "लाईन धरा! ढकलू नका! अंगठेवाले डावीकडे!"

"अहो, हे माझ्या लग्नाचं कापड आहे!" मी त्याचा दंड धरला.

"लग्न मागाहून," तो म्हणाला, "आधी महाराष्ट्र!"

रांगेतून टाळ्या पडल्या. एका बाईने मला सुनावलं, "शोभतं का रे? लोक गोळ्या खातायत नि तुला बायकोचं पडलंय!"  मी गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. निदान आपल्याच कापडावर आपली तरी सही असावी. पण तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. एक पाळी सुटली आणि दुसरी भरायला आली, आणि त्या दोन लाटांमध्ये सापडून मी थेट भारतमाता थिएटरपर्यंत वाहत गेलो.

संध्याकाळी मामाला घेऊन परत आलो. स्वयंसेवक कापडाची घडी घालत होता. "उद्या दिल्लीला रवाना!" तो अभिमानाने म्हणाला. 

मामाने कापड हातात घेतलं, उलगडलं, मान डोलावली, पुन्हा डोलावली आणि एकदम गंभीर झाला. "हे काय?"

"काय?"

"हा डाग." मामाने रश्श्याचा ठसा त्याच्या नाकाखाली धरला. "मटणाचा आहे. दिल्लीला कळलं की मुंबईची माणसं मटण खाताना सह्या करतात, तर म्हणतील, ह्यांना मुंबई कशाला हवी, ह्यांना खानावळ द्या."

स्वयंसेवकाचा चेहरा उतरला. "मग आता?"

"कागदावर घे पुन्हा. व्यवस्थित, रीतसर. तुझ्याकडे छापील कागद असतीलच."

"ते आहेतच. पण हे कापड?"

"हे आम्ही गिरगावात नेतो," मामा म्हणाला. "लोकांना दाखवायला. लालबागने एका दुपारीत केवढं काम केलं ते गिरगावला कळू दे. लाजतील मेले."

स्वयंसेवकाची छाती फुगली. त्याने ते कापड दोन्ही हातांनी, पंचपक्वान्नाच्या ताटासारखं मामाला दिलं आणि दुसऱ्या दिवशी छापील कागदांवर त्याच्या दुप्पट सह्या गोळा केल्या, असं ऐकलं.

*

तुळशीचं लग्न लागलं त्या संध्याकाळी आम्ही जॉबरसाहेबांच्या घरी गेलो. कापड जमिनीवर पसरलं. पाय ठेवायला जागा नसेल एवढ्या सह्या, अंगठे, आणि एका पोराने काढलेला सिंह.

जॉबरसाहेब बघतच राहिले. "अकरा सांगलंय होतंय मी. ह्यां काय? लालबागची मतदारयादी?"

"त्यात तुमचे अकरा आहेत," मामा म्हणाला. "बाकीचे पाहुणे."

जॉबरसाहेबांनी कापडातले धागे मोजायचं भिंग काढलं आणि गुडघ्यावर बसून कामाला लागले. राइट आउट लगेच सापडला, तो सगळ्यांच्या डोक्यावरून धावत गेला होता. फुलबॅक बंधू सापडले, कप्तान सापडला. मटणाचा डाग त्यांनी हुंगला आणि म्हणाले, "हो तोच." दहाच्या दहा झाले. मग ते टाचांवर बसले.

"गोलकीपर?"

मामा खाकरला. मी त्याच्या पायावर पाय दिला. आता खोटं नको होतं.

"नाही मिळाली," मी म्हणालो. "मोसमात देत नाही तो. मी घरी जाऊन आलो."

जॉबरसाहेब भिंग पुसत बसले. त्यांनाही बरं वाटत नसावं, पण शब्द तो शब्द. "मग परळाक कळवूक व्हयां," ते हळू म्हणाले.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पदर खोचून पुढे आली आणि कापडाशी वाकली. बोट फिरवत फिरवत एका जागी थांबली.

"बाबा, ही सही कुणाची?"

जॉबरसाहेबांनी भिंग लावलं. टपोरी, चौथीच्या वर्गात घोटून बसवलेली सही. त्यांचे कान लाल झाले. "माझीच गे."

"म्हणजे तुम्हीही सही केलीत ह्या कापडावर? आणि तुमच्याच खात्यातलं कापड तुम्ही ओळखलं नाहीत?"

"माझा लक्ष खंय होतां कापडार? माझा लक्ष..." ते बोलता बोलता थांबले.

"गोलकीपरवर होतं," मुलगी म्हणाली. "गेले दोन दिवस घरात तुम्ही दुसरं काही बोललायत का? पाळी सुटली, नाक्यावर गोलकीपर रांगेत दिसला, म्हणून तुम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहिलात. त्याने पेन कुठल्या हाताने धरलं?"

"डाव्या!" जॉबरसाहेब ओरडले. "माझ्या डोळ्यांनी बघलंय मी! मी इचारलंय तेका, नेम मोडतलंस? तर म्हणता, नेम उजव्या हाताचो, आणि महाराष्ट्राक नाय कसां म्हणू?"

"आणि तुमच्या सहीच्या अगदी वर कोण आहे?"

आम्ही चौघांनी एकदमच डोकी खाली घातली आणि ती एकमेकांवर आपटली. जॉबरसाहेबांच्या टपोऱ्या सहीच्या वर, शाईत पडलेली मुंगी लंगडत घरी गेल्यासारखी एक रेघ होती. मी ती आधी वीसदा पाहिली होती आणि कुणातरी आजीची म्हणून सोडून दिली होती. भिंगातून तिच्यात अक्षरं दिसली. सगळ्या मुंबईत कुणाकडे नसलेली सही.

जॉबरसाहेबांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी शेवटचा पाय आडवा घालून बघितला. "पण ती सय तेनी महाराष्ट्राक दिल्यान. ह्येका न्हय."

"तुम्ही सही आणायला सांगितलीत," मुलगी म्हणाली. "कशासाठी केलेली, ते नव्हतं सांगितलं."

जॉबरसाहेबांनी मिशी चावली, माझ्याकडे बघितलं आणि मिशी सोडून दिली. "पोहे कर गे," ते म्हणाले.

*

लग्न माघात लागलं. अंतरपाट म्हणून तेच कापड धरायचं, हे तिनेच ठरवलं. भटजींनी आधी नाक मुरडलं, मग त्यांना कापडावर स्वतःची सही सापडली आणि त्यांचा शास्त्रार्थ एकदम बदलला.

लालबागचा अख्खा नाका लग्नाला आला होता, कारण ज्याची सही त्याला आमंत्रण, असं मामाने परस्पर जाहीर केलं होतं. कोळीणमावशी पहिल्या रांगेत. सेंटर फॉरवर्ड अखेर आमच्याकडे जेवायला आला आणि त्याने मामाचं ते वाक्य उशिरा का होईना खरं केलं. अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे ती. मंगलाष्टकं चालू असताना लोक अक्षता विसरून आपापल्या सह्या शोधत होते.

भटजींनी शेवटचं "सावधान" म्हटलं आणि पट्टीवाल्या स्वयंसेवकाला सवयीने राहवलं नाही. तो मागून गरजला, "संयुक्त महाराष्ट्र...!"

"झालाच पाहिजे!" सगळा मांडव म्हणाला.

त्या गर्जनेने अंतरपाट धरणारे दोघेही दचकले आणि त्यांच्या हातून कापड सुटलं. ते जमिनीला लागणार, तोच चौथ्या रांगेतून एक देह तीन खुर्च्या, दोन काका आणि एक समई ओलांडत आडवा उडाला आणि त्याने ते कापड दोन्ही हातांत अलगद झेललं. समईची वातसुद्धा हलली नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे, मामाला विचारा.

गोलकीपर उठून उभा राहिला, धूळ झटकली आणि हातातल्या कापडाकडे बघितलं. आपली ती लंगडी मुंगी बघून शरमला.

"अरेरे! मोसम संपला आता," तो माझ्या बायकोला म्हणाला आणि उजवा हात पुढे केला. "द्या पेन, वहिनी. ही खोडतो आणि झकास करून देतो. चेंडूपण काढतो."

मुंडावळ्या, शालू, डोक्यावर अक्षता, आणि नवरी एक पाऊल पुढे आली. तिने त्याच्या हातातून कापड खेचून छातीशी धरलं.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "ही मोसमातली आहे."